पत्र्याआडचे लाकूड

जुनी वस्तू विकणाऱ्याने तिच्यातला न दिसणारा दोष घेणाऱ्याला आपणहून सांगावा काय? प्रश्न बाजारातला आहे, पण त्याचा खल बाजारापेक्षा तत्त्ववेत्त्यांच्या ओसरीवरच अधिक झाला आहे. घोडा, घर, गलबतभर धान्य अशी उदाहरणे घेऊन दोन हजारांहून अधिक वर्षे शहाणी माणसे त्यावर वाद घालीत आली. आम्ही येथे एक निराळे उदाहरण घेणार आहोत. ते आपल्या अंगणातले नाही, अमेरिकेतले आहे. तरीही ते घ्यावेसे वाटले, कारण त्यात दोष दुरुस्त करणे आणि दोष झाकणे ही दोन कामे बाहेरून इतकी सारखी दिसतात की, आपण त्यांतले कोणते करीत आहोत हे कधीकधी करणाऱ्यालाही उमजू नये.

उदाहरण मोटरहोमचे. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले घर म्हणजे मोटरहोम. पुढे चालकाची जागा, मागे शेगडी, फ्रिज, मोरी, शौचकूप आणि बिछाने. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावातील विनेबेगो कंपनीने १९६६ साली ही वाहने बनवावयास घेतली आणि पुढे कंपनीचे नाव हेच पुष्कळ अमेरिकनांच्या तोंडी वाहनाचे नाव होऊन बसले. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे तर या धंद्याचे माहेरघरच. निवृत्त जोडपी अशा घरात बसून देश पाहावयास निघतात, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी सिनेमात पाहिले असेल.

काही वर्षांपूर्वी आयोवातल्या एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरूंच्या रजेच्या काळात, आम्ही दोन उन्हाळे सेवा केली. त्या वेळी एका सेवानिवृत्त सुताराच्या अंगणात ही वस्तू आतून कशी असते ते आम्हांला पाहावयास मिळाले. बाहेरून चकचकीत पत्रा किंवा फायबरग्लास. आपल्याला वाटते, हे सारे लोखंडी असणार. तसे नव्हे. जुन्या मोटरहोमांपैकी बहुसंख्यांच्या भिंतींत हलक्या लाकडाच्या बारीक पट्ट्यांची चौकट असते, त्या पट्ट्यांच्या मध्ये थर्माकोलसारखा फेस भरलेला असतो आणि आतल्या अंगाला पातळ प्लायवूड. म्हणजे ऊनपावसात ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारे हे घर लाकडाच्या फासळ्यांवर उभे असते. त्या फासळ्यांना पाण्यापासून वाचविणारे कवच म्हणजे वरचा पत्रा आणि त्याच्या सांध्यांतले लुकण.

सांधे मात्र फार. छताच्या कडा, वायुवीजनाची झाकणे, वातानुकूलन यंत्राचे भोक, खिडक्या, दिवे, मागची शिडी, आणि प्रत्येक ठिकाणचे स्क्रू. छतात मारलेला प्रत्येक स्क्रू हे छताला पाडलेले एक भोकच होय, असे तो सुतार म्हणे. शिवाय पत्रा स्वस्थ बसत नाही. आयोवात हिवाळ्यात पारा उणे वीस अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात पस्तिसापर्यंत चढतो. सात मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा एवढ्या फरकाने सुमारे ९ मिलिमीटर लांबतो व आखडतो. त्याखालचे लाकूड त्याच्या चौथाईइतके जेमतेम. दोघांना एकत्र बांधणाऱ्या लुकणाने ही ओढाताण वर्षानुवर्षे सोसावयाची. त्यात रस्त्यावरचे हादरे; त्यात उन्हाने लुकण कडक होऊन तडकणार; आणि तडकलेल्या जागी शिरलेले पाणी गोठले की, ते आकारमानाने नऊ टक्क्यांनी वाढून तड आणखी रुंद करणार. आपल्याकडे कौलारू घरांची पावसाळ्यापूर्वी शाकारणी होत असे. मोटरहोमच्या सांध्यांचीही तशीच नित्यनेमाने पाहणी करावी लागते. पुष्कळ मालक ती करीत नाहीत. वस्तू चकाकते तोवर ती धड आहे, असे मानणे हा सार्वत्रिक मनुष्यस्वभाव आहे.

पाण्याची खोड अशी की, ते शिरते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. छताच्या पुढच्या सांध्यातून आलेला थेंब चौकटीच्या पट्टीवरून सरपटत जाऊन मागल्या कोपऱ्यात उतरतो; डाग दिसतो तेथे गळती नसते, आणि गळती असते तेथे डाग नसतो. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला जो बिछान्याचा भाग असतो, तो तर गळतीसाठी कुप्रसिद्धच. जाणकार मनुष्य अशी गाडी घेताना आधी वास घेतो. मग अंगठ्याने भिंत दाबून पाहतो, पाय आपटून जमीन भुसभुशीत लागते का ते बघतो, बाहेरच्या फायबरग्लासला फुगारे आले आहेत का म्हणून उजेडात तिरक्या नजरेने न्याहाळतो. दोन सुयांचे एक छोटे यंत्र असते. ते लाकडात टोचले की, विजेला होणाऱ्या विरोधावरून लाकडातली ओल कळते. वीस टक्क्यांच्या खाली ओल असेल तर कुजविणारी बुरशी लाकडात वाढत नाही. त्याच्या वर गेली आणि तशीच राहिली, तर फासळ्यांचा हळूहळू ओला भुसा होतो आणि पत्रा मात्र पूर्वीइतकाच गुळगुळीत राहतो.

आता खरी दुरुस्ती कशी करावी? कडेच्या पट्ट्या काढून पत्रा सोलावा. कुजलेले लाकूड तर काढावेच, पण त्याच्या पुढचे निरोगी लाकूड लागेपर्यंत काढीत जावे. मग थांबावे, हे थांबणेच सर्वांत अवघड. आतला भाग पूर्ण सुकेपर्यंत, मग त्याला दोन आठवडे लागोत की चार, काही झाकावयाचे नाही. बुरशीनाशक लावून नव्या पट्ट्या बसवाव्यात, फेस भरावा, पत्रा परत आणावा, सांध्यात ब्यूटिलची नवी चिकट पट्टी घालावी, न गंजणारे स्क्रू मारावेत आणि सर्वांत शेवटी कडांवर लुकण फिरवावे. ही कृती ऐकताना आम्हांला लेवीय ग्रंथाचा चौदावा अध्याय आठवला. भिंतीला चट्टा पडलेले घर पाहावयास तेथे याजकाला बोलावले जाते. तो घर सात दिवस बंद ठेवतो, चट्टा पसरला असेल तर ते दगड उपटून गावाबाहेर टाकावयास लावतो, भिंती खरवडून नवे दगड व नवा गिलावा घालवतो. आणि इतके करूनही चट्टा पुन्हा उमटला तर घरच पाडावयास सांगतो. सेमिनरीत हा अध्याय आम्ही बराच घाईने वाचला होता. एका सुताराला मात्र तो ऐकताच कळला. घर बंद ठेवण्याचे सात दिवस कशासाठी, हे त्याला विचारावे लागले नाही.

खोटी दुरुस्ती याच्या मानाने फारच सोपी. शनिवारी सकाळी दुकानातून लुकणाच्या नळ्या आणाव्यात, प्रत्येक फटीवर त्या पिळाव्यात, आतल्या डागावर रंग मारावा किंवा नवी प्लायवूडची फळी ठोकावी; संध्याकाळी गाडी नव्यासारखी. पुष्कळांना वाटते की, यात फार तर थोडा आळस आहे. काही नसल्यापेक्षा हे बरे. वस्तुस्थिती उलट आहे. लाकूड ओले असताना वरून हवाबंद लुकण फिरवले की, आतली ओल आतच कोंडली जाते आणि कुजण्याचा वेग वाढतो. खिडकीच्या चौकटीला खालच्या बाजूस बारीक छिद्रे ठेवलेली असतात, ती आत साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून. गळतीला घाबरलेला मालक तीही बुजवून टाकतो. सिलिकॉनचे लुकण स्वस्त आणि हाताशी असते म्हणून तेच फासतात. त्यावर पुढे रंग धरत नाही, दुसरे लुकण चिकटत नाही, आणि उद्या खरी दुरुस्ती करू पाहणाऱ्याचे काम दुप्पट होते.

येथे नीतिशास्त्राच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट दिसते. लुकण फिरविणे ही कृती एकच आहे. तोच हात, तीच नळी, तीच सरळ रेषा. कोरड्या लाकडावर केली तर ती दुरुस्ती, ओल्या लाकडावर केली तर ते झाकण. फरक बाहेर कोठेच नाही. तो आधी पत्रा उचलून पाहिले की नाही, यात आहे. आणि न पाहणारा पुढे असे म्हणू शकतो की, ‘मला ठाऊकच नव्हते.’ हे अज्ञान शब्दशः खरे असते, पण ते जपून ठेवलेले अज्ञान असते. अशा अज्ञानाला जुने नीतिशास्त्रज्ञ निमित्त मानीत नाहीत, आणि आमच्या मते ते योग्यच करतात. (इंग्रजीतला ‘सिन्सिअर’ हा शब्द ‘मेणाविना’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून आला, कारण लबाड मूर्तिकार संगमरवराच्या चिरा मेणाने बुजवीत, अशी एक गोष्ट प्रवचनांतून सांगतात. भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. गोष्ट मात्र टिकून आहे, कारण चिरा बुजविणारे टिकून आहेत.)

त्या सुताराची अडचण अशी होती. ही गाडी त्याने पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून जुनी म्हणून घेतलेली. आता पत्नीच्या आजारपणाचा खर्च समोर होता आणि गाडी विकणे भाग होते. विकण्यापूर्वी थोडे लुकण फिरवावे म्हणून त्याने पुढची एक पट्टी काढली, तो आतले लाकूड हाताने चिमटीत यावे असे झालेले! त्यावर सिलिकॉनचा जाड थर होता आणि आतल्या बाजूला, तुलनेने नवी दिसणारी प्लायवूडची फळी. म्हणजे आधीच्या मालकाने सर्व काही पाहिले होते आणि झाकून त्याच्या गळ्यात घातले होते. त्याने आम्हांला विचारले ते पापनिवेदनाच्या जागी नव्हे, अंगणात, आणि हे लिहिण्यास त्याची संमती आहे. तो म्हणाला, “फादर, मी फसलो तेव्हा कोणी मला विचारायला आले नाही. आता नुकसान मीच का सोसायचे? मी ही पट्टी काढलीच नाही असे समजून ती परत बसवली, तर?”

या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा मनुष्य एक तर संत असावा, नाहीतर त्याला कधी औषधांची बिले भरावी लागली नसावीत.

प्रथम जुनी चर्चा पाहू. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन पंडित सिसेरो याने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्याचे उदाहरण आहे: घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूडकाम वाईट आहे व पडावयास झाले आहे, आणि हे मालकावाचून कोणालाही ठाऊक नाही. बाबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपॅटर यांचा वाद सिसेरो मांडतो. गुरूचे म्हणणे असे की, न सांगणे म्हणजे फसविणे नव्हे. ज्याने घर घे म्हणून बळजबरी केली नाही, त्याने आपल्याच मालाची निंदा कशाला करावी? रोगट घर विकणे आहे, अशी दवंडी कोणी पिटतो काय? शिष्य म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणे जसे, तसेच हे. उलट त्याहून वाईट, कारण येथे जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावणे आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’मध्ये खरेदीविक्रीतील लबाडीवर एक स्वतंत्र प्रश्न घेतला, आणि दवंडीच्या त्या टोमण्याला त्यात जणू उत्तरच सापडते. दवंडी पिटण्याची गरज नाही, असे ते मान्य करतात. त्याने गिऱ्हाईक आधीच पळेल, आणि वस्तूत इतर गुण असतील तर ते पाहिलेच जाणार नाहीत. परंतु जो घ्यावयास प्रत्यक्ष पुढे येईल, त्या प्रत्येकाला दोष सांगितला पाहिजे, म्हणजे तो गुण आणि दोष एकाशेजारी एक ठेवून पाहू शकेल. उघड दोष सांगण्याची सक्ती नाही, मात्र किंमत त्या मानाने कमी हवी. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसतेच. न दिसणाऱ्या आणि धोका किंवा नुकसान करणाऱ्या दोषाबाबत मात्र मौन चालणार नाही. धोक्याच्या उदाहरणांत त्यांनीही पडाऊ घर घातले आहे.

या भेदावरून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट झाली, ती मूळ चर्चेत इतकी ठळक नाही. भिंतीवरचा ओलीचा डाग म्हणजे घोड्याचा आंधळा डोळा. तो आहे तसा राहू दिला तर घेणारा आपल्या डोळ्यांनी पाहतो. त्यावर नवी फळी ठोकणारा मनुष्य नुसता गप्प राहत नाही; तो उघड दोषाचा गुप्त दोष करतो. कायदाही येथेच रेघ ओढतो. आपल्या देशातील १८७२च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात, ठाऊक असलेली गोष्ट कृतीने दडविणे ही लबाडी मानली आहे; नुसते मौन सामान्यतः नाही. मात्र त्या कलमाखाली दिलेली दोन उदाहरणे मननीय आहेत. ‘अ’ने ‘ब’ला लिलावात सदोष घोडा विकला आणि दोष माहीत असूनही तो काही बोलला नाही, तर ती लबाडी नव्हे. पण ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य ठरते.

कायद्याने मुलीपाशी थांबणे समजण्यासारखे आहे. सर्वांच्या मनात शिरून कर्तव्ये ठरविणे त्याला शक्य नसते. परंतु मुलीला सांगितलेच पाहिजे हे एकदा मान्य केले, की शेजाऱ्याच्या मुलीचे काय, आणि अनोळखी माणसाच्या मुलीचे काय, हा प्रश्न आपोआप दारात येऊन उभा राहतो. माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले होते, तेव्हा त्याचाही हेतू रेघ कोठे ओढावी हे जाणून घेण्याचाच होता.

आता सुताराचे ‘मी फसलो’. हे दुःख खरे होते आणि आम्ही ते लहान करून सांगणार नाही. आधीच्या मालकाने त्याचे पैसे घेतले, हा अन्याय होता, आणि त्याची भरपाई त्याला मिळावयास हवी होती. पण कोणाकडून? ज्याने फसविले त्याच्याकडून. नवा गिऱ्हाईक त्याचे काही देणे लागत नाही. नुकसान पुढे ढकलल्याने जुना हिशेब मिटत नाही. तो फक्त अशा माणसाच्या नावावर चढतो, ज्याने कर्जच घेतले नव्हते. आणि गंमत अशी की, ज्याने मूळ लबाडी केली, तो या साखळीत सर्वांत सुखी राहतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण माणसाच्या अब्रूबद्दल वापरतो, तेथे ती शोभते. व्यवहारात तिचा अर्थ एवढाच की, शेवटी मूठ उघडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

शिवाय, अशी जुनी गाडी घेतो कोण? हौशी प्रवासी नवी घेतो. २००८च्या आर्थिक मंदीनंतर अमेरिकेत घर गमावलेली, वयाने साठीसत्तरीकडे झुकलेली कितीतरी माणसे जुन्या गाड्यांत राहू लागली आणि हंगामी कामांमागे गावोगाव हिंडू लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकार स्त्रीने २०१७ साली त्यांच्यावर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. हिवाळ्यात ही मंडळी ॲरिझोनाच्या वाळवंटातील क्वार्टझ्साइटसारख्या उबदार जागी गोळा होतात. त्यांच्यासाठी ही गाडी सहलीचे साधन नाही; तेच घर, तीच शिल्लक. बुरशी धरलेल्या भिंतीशेजारी ती वर्षभर झोपणार, तीच हवा श्वासात घेणार. म्हणजे दोष झाकणारा मनुष्य बहुतेक वेळा आपल्याहून गरिबालाच फसवीत असतो, हे या व्यवहाराचे अंकगणितच आहे.

आम्ही त्याला एवढेच सांगितले की, पट्टी काढली ती काढली. आता ती काढलीच नव्हती असे होऊ शकत नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या पंधरवड्यात त्याने चालकाच्या वरच्या भागाचे सारे लाकूड बदलले. मागच्या डाव्या कोपऱ्यातली जमीनही मऊ लागत होती, पण तेथवर त्याचे पैसे आणि दिवस पुरले नाहीत. त्या जागेभोवती त्याने खडूने रेघ ओढली, काय बदलले आणि काय राहिले याची यादी एका कागदावर लिहिली, आणि कुजलेल्या लाकडाची छायाचित्रे त्या कागदाला जोडली. किंमत निम्म्यावर आणली. पहिली दोन गिऱ्हाइके छायाचित्रे पाहून निघून गेली. त्या संध्याकाळी तो आम्हांला म्हणाला की, न सांगितले असते तर त्यांतल्या एकाने नक्की घेतली असती; आणि हे त्याने कौतुकाच्या अपेक्षेने नव्हे, रागाने म्हटले.

तिसरी आली ती साठीच्या घरातली एक बाई, एकटी, गाडीतच राहावयाचे ठरवून आलेली. तिने यादी दोनदा वाचली, खडूच्या रेघेत पाय दाबून पाहिला आणि घेते म्हणाली. येथे अक्वायनसांची अट पुरी होते, कायद्याचीही होते. आमच्या मनाला मात्र एक शंका राहिली, ती अशी की, ज्याला दुसरे काही परवडतच नाही, त्याने दोष ऐकून दिलेला होकार कितपत मोकळा असतो? सांगितल्याने विकणाऱ्याचे कर्तव्य संपते की केवळ सुरू होते? सुताराने हे शब्द वापरले नाहीत. त्याने तिला विचारले की, ती निघणार कधी. तिला ॲरिझोनाला जावयास अजून अवकाश होता, हातात करवत धरता येत होती, आणि अवजारे त्याच्याकडे होती. गाडी आणखी दहा दिवस त्याच्याच अंगणात राहिली. कोपऱ्यातली जमीन तिने कापली, प्लायवूड त्याने मापून दिले.